मिनिटाला बाराशे खिळे

१२ एप्रिल १८६७ रोजी सकाळी विरारहून वाफेच्या इंजिनाची एक गाडी मुंबईकडे निघाली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची ही पहिली उपनगरी गाडी. नालासोपारा, वसई, खाडीतलं पाणजू, मग बोरिवली, पहाडी म्हणजे आजचं गोरेगाव, अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे, माहीम, दादर, ग्रँट रोड आणि शेवटी बॅकबे. सकाळी मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परतायचं, एवढाच तिचा दिवसाचा फेरा. थांब्यांच्या त्या यादीत पाणजू आहे, भाईंदर नाही. खाडीचा पूल ओलांडून, मिठागरांना धूर दाखवत गाडी भाईंदरवरून नुसतीच पुढे गेली.

बरोबर सतरा दिवसांनी, २९ एप्रिल १८६७ला, मुंबईत शंकर आबाजी भिसे यांचा जन्म झाला. पुढे पंचविशीच्या आत-बाहेर असताना भिसेंनी ज्या यंत्रांवर डोकं लढवलं, त्यांत याच उपनगरी गाड्यांसाठी केलेलं एक स्थानकदर्शक यंत्र होतं. कुठलं स्टेशन आलं हे उतारूला गार्डला न विचारता, खिडकीतून मान बाहेर न काढता कळावं, हा त्यामागचा विचार. आज भाईंदरच्या फलाटावर पाय ठेवणारा प्रत्येक माणूस आधी मान वर करून इंडिकेटर पाहतो. धीमी की जलद, बारा डब्यांची की पंधरा, किती मिनिटांत? त्या इंडिकेटरचा वंश थेट भिसेंपर्यंत नेता येणार नाही. पण सामान्य उतारूची ही गरज ओळखून तिच्यासाठी यंत्र करायला बसलेला एक मराठी तरुण सव्वाशे वर्षांपूर्वी याच लाइनवरच्या शहरात होता, हे खरं आहे.

भिसेंची ओळख करून देताना ‘हिंदी एडिसन’ म्हणायचा प्रघात आहे. अमेरिकेत त्यांना हे नाव मिळालं आणि ते चिकटलं. सुमारे दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंटं त्यांच्या नावावर सांगितली जातात, तेव्हा नाव अगदीच गैर नाही. तरीही भिसेंचं आयुष्य नीट लावून पाहिलं की एडिसनपेक्षा दुसऱ्याच एका अमेरिकनाची आठवण जास्त येते. तो म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. छापखान्यात वाढलेला, विजेचा अभ्यास करणारा, चूल सुधारणारा आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. यंत्र आणि राष्ट्र या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत. भिसेंच्या गोष्टीतही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. फरक एवढाच, की फ्रँकलिनमध्ये त्या एकाच माणसात होत्या. भिसेंच्या बाबतीत यंत्र त्यांच्याकडे होतं आणि राष्ट्र घडवायला निघालेली माणसं त्यांच्या पाठीशी उभी होती.

मुंबईत १८६५च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी घरातच दगडी कोळशापासून गॅस काढायचं लहानसं यंत्र करून बसला. घरच्यांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला करता येईल. कोळसा बंद भांड्यात तापवायचा, निघणारा वायू नळीतून पाण्यात सोडून धुऊन घ्यायचा आणि पलीकडच्या टोकाशी काडी लावायची. कृती सांगायला सोपी. पण चूक झाली तर घर पेटायचं. शिकवायला कोणी नव्हतं. मुंबईतली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा भिसे विशीत होते. त्यांचं यंत्रशास्त्राचं शिक्षण झालं ते ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाचे अंक वाचून. सोळाव्या वर्षीच त्यांनी ठरवलं होतं, की शोध लावायचे तर इंग्लंड किंवा अमेरिका गाठायची.

पण जायच्या आधी त्यांनी मुंबईत केलेलं एक काम मला त्यांच्या पुष्कळ पेटंटांपेक्षा मोलाचं वाटतं. त्यांनी ‘सायंटिफिक क्लब’ काढला आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचं विज्ञानाचं मासिक मराठीत सुरू केलं. जे आपल्याला परक्या भाषेतल्या अंकांमधून वेचून घ्यावं लागलं, ते पुढच्या पोराला मायबोलीत मिळावं, ही त्यामागची तळमळ. फ्रँकलिनने १७३१मध्ये फिलाडेल्फियात मित्रांना जमवून वर्गणीवर चालणारं वाचनालय काढलं, तेव्हा तोही असाच पंचविशीतला होता आणि कारणही असंच होतं. पुस्तकं महाग, एकट्याच्या ऐपतीबाहेरची. मग सगळ्यांनी मिळून घेऊ.

याच काळात भिसे दृष्टिभ्रमाच्या खेळांत रमले होते. एका वस्तूची डोळ्यांदेखत दुसरी वस्तू होताना दाखवायची, असे ते प्रयोग. त्यांत जादू नव्हती, आरसे, प्रकाश आणि कोन यांचं गणित होतं. हे प्रयोग मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही झाले आणि तिथे त्यांची वाहवा झाली. मग शतक संपता संपता लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. वाण्याच्या दुकानातला माल आपोआप तोलून देणारं यंत्र करायचं. भिसेंनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि स्पर्धा जिंकली.

आता लंडनला जायला कारण मिळालं. तिथे ओळखीचं कोण? दिनशा वाच्छा तेव्हा काँग्रेसचे चिटणीस होते. त्यांनी एक शिफारसपत्र लिहून दिलं. पत्रावर नाव होतं दादाभाई नौरोजी.

भारतातून बोटीने आलेला प्रत्येक होतकरू तरुण त्या काळी दादाभाईंचं दार ठोठावायचा. कोणाला कॉलेजात प्रवेश हवा असायचा, कोणाला उसने पैसे, कोणाला राहायला खोली. दादाभाई १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटात निवडून गेले होते, १८९५मध्ये हरले होते आणि आता पंच्याहत्तरीला टेकले होते. दक्षिण लंडनमधल्या अ‍ॅनर्ले पार्कमध्ये ते राहत. त्या घराचं नाव होतं ‘वॉशिंग्टन हाउस’. हिंदुस्थानच्या स्वराज्याचा विचार ज्या घरात चालला होता, त्याला अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचं नाव असावं, हा योगायोगच. पण मोठा गोड योगायोग आहे.

याच घरातून १९०१मध्ये दादाभाईंचा ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा ग्रंथ बाहेर आला. हिंदुस्थानची संपत्ती दरसाल इंग्लंडकडे कशी वाहते, याचा आकड्यांनिशी मांडलेला तो हिशेब. आणि त्याच सुमारास हे म्हातारे गृहस्थ एका मराठी यंत्रकाराबरोबर भागीदारीचा करार करत होते. दादाभाईंनी भिसेंच्या शोधांना भांडवल पुरवायचं आणि नफ्यात दोघांनी वाटा घ्यायचा. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसत नाहीत, म्हणून त्यांचं नातं लक्षात येत नाही. हिंदुस्थान गरीब का, याचं उत्तर ग्रंथात होतं. हिंदी माणसाच्या डोक्यातून निघालेली वस्तू लंडनच्या बाजारात विकून दाखवायची, हे त्या उत्तराचं पुढचं पाऊल होतं. गोऱ्या साहेबाचा लाडका समज होता की हिंदी माणूस पाठ करील, नक्कल करील, नवं काही काढणार नाही. त्याला व्याख्यानाने उत्तर देता येतं, तसं पेटंटनेही देता येतं.

भिसेंनी लंडनमध्ये काय काय केलं, याची नुसती यादी वाचली तरी दमछाक होते. विजेवर चालणारा जाहिरातीचा दिवा क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला, दुकानांतही लागला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप पाणी सोडणारे संडास. एका माणसाच्या डोक्यात इतक्या गोष्टी एकाच वेळी असणं हे त्याचं बळ असतं आणि अडचणही. यातल्या बहुतेक वस्तूंनी थोडी खळबळ केली, थोडा पैसा दिला किंवा दिलाच नाही, आणि त्या मागे पडल्या. दादाभाईंच्या पदरी मात्र खर्च पडत राहिला. त्यांनी हात आखडता घेतला नाही.

मग भिसे अशा एका यंत्राकडे वळले, जे साधलं असतं तर जगातल्या प्रत्येक छापखान्यात गेलं असतं.

हे यंत्र कळायला खिळा कळला पाहिजे. मोबाइलवर बोट फिरवून देवनागरी उमटवणाऱ्या पिढीने खिळा पाहिलेला नसतो. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा धातूचा दांडा, त्याच्या माथ्यावर उलटं अक्षर. तो करायची रीत अशी: कसबी कारागीर आधी पोलादाच्या टोकावर अक्षर कोरतो, तो ठसा. ठसा तांब्याच्या तुकड्यात ठोकला की अक्षराचा खळगा पडतो, ती मातृका. मातृका साच्याच्या तळाशी बसवायची आणि वरून शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. साच्याला एक झटका द्यायचा, म्हणजे रस खळग्याच्या कानाकोपऱ्यात जातो. धातू थिजला की साचा उघडून खिळा काढायचा, त्याची शेपूट मोडायची, कडा घासायच्या. घासण्यात केसभर फरक राहिला तर ओळ वाकडी येते, आणि फर्मा आवळला की खिळे निसटून पडतात. मग कंपोझिटर ते केसच्या खणांतून एकेक उचलून स्टिकमध्ये लावणार.

बाळबोध लिपीत तर ही कसरत कितीतरी पटीने वाढते. इंग्रजी छापायला शे-सव्वाशे प्रकारचे खिळे पुरतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरली की केसचे खण शेकड्यांनी मोजावे लागत. टिळकांसारखा राजकारणात आकंठ बुडालेला माणूस ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटीत पडला होता, ते उगीच नव्हे.

खिळ्यांचा हा धंदा मराठीत आला त्याची वाटही अमेरिकेतूनच आली होती. फ्रँकलिनचं जन्मगाव बॉस्टन. त्याच बॉस्टनमधल्या मिशन संस्थेने पाठवलेले मिशनरी १८१३मध्ये मुंबईला पोचले आणि त्यांनी इथे छापखाना घातला. त्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. तिथेच लहानपणी खिळे घासायच्या कामाला लागलेला एक गरीब मुलगा पुढे ‘निर्णयसागर’चा मालक झाला. त्यांचं नाव जावजी दादाजी. त्यांच्याही आधी गणपत कृष्णाजींनी स्वतः खटपट करून छापखाना उभा केला होता आणि १८३१मध्ये शिळेवर मराठी पंचांग छापलं होतं. भिसे वाढले ती मुंबई अशी होती. तिथे खिळा ही केवळ साहेबाची वस्तू राहिली नव्हती. मराठी कारागिरांच्या हाताखालून ती गेली होती.

आणि फ्रँकलिन? बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागलेला हा मुलगा पळून फिलाडेल्फियाला गेला, तिथून लंडनला, आणि लंडनच्या छापखान्यांत काम शिकून परत आला. फिलाडेल्फियात त्याच्या मालकाकडे खिळे कमी पडायचे. अमेरिकेत तेव्हा खिळे ओतणारा कोणी नव्हता. सगळे इंग्लंडहून यायचे. लंडनला असताना फ्रँकलिनने ओतकाम पाहिलं होतं, तेही फारसं लक्ष न देता. तेवढ्या आठवणीवर त्याने साचा जुळवला, जवळचीच अक्षरं ठशासारखी वापरून शिशात मातृका पाडल्या आणि हवे ते खिळे ओतून घेतले. वसाहतीतल्या माणसाने खिळे स्वतः करायचे नाहीत, ते विलायतेहून मागवायचे, हा रिवाज एका पंचविशीच्या आतल्या कामगाराने गरजेपोटी मोडला. पुढे हाच माणूस आपल्या मृत्युपत्रात स्वतःची ओळख देताना राजदूत आणि अध्यक्ष या पदांच्या आधी ‘मुद्रक’ असं लिहितो.

पावणेदोनशे वर्षांनंतर दुसऱ्या एका वसाहतीतला माणूस लंडनमध्येच बसून तोच खिळा ओतायच्या मागे लागला होता. आता जमाना यंत्राचा होता. १८८६मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ने मर्गेनथालरचं लायनोटाइप वापरायला सुरुवात केली होती, ते अख्खी ओळ एका लगडीत ओतायचं. लॅन्स्टनचं मोनोटाइपही बाजारात होतं. या बड्या कंपन्यांच्या रांगेत भिसेंना शिरायचं होतं, सुटे खिळे कोणाहीपेक्षा वेगाने आणि कमी खर्चात ओतून.

वेगाला आडवी येणारी गोष्ट म्हणजे धातूचं थिजणं. रस ओतून लगेच साचा उघडला तर अक्षर फाटतं. थांबलं तर वेळ जातो. शिवाय प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, म्हणजे साच्याची रुंदी दर वेळी बदलायची. एका खिळ्याऐवजी एका दमात अनेक खिळे ओतायचे, या दिशेने भिसे गेले. त्यांच्या यंत्राचा वेग सांगितला जायचा मिनिटाला बाराशे खिळे. सेकंदाला वीस! डोळ्याची पापणी लवेपर्यंत पाच-सहा अक्षरं. लंडनच्या कॅक्स्टन टाइप फौंड्रीतल्या अभियंत्यांना हे खरं वाटेना. त्यांनी आव्हान दिलं, आणि भिसेंनी ते यंत्राच्या भाषेतच उचललं. कार्यशाळा थाटून त्यांनी यंत्र उभं केलं. ‘भिसोटाइप’ हे नाव त्याला पडलं.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी करणाऱ्या कारागिराला यातली अडचण माझ्यापेक्षा लवकर कळेल. डाय बसवायची, पत्रा ठेवायचा, प्रेसचा फटका पडायचा. डायमध्ये सुतभर खोट असली तर वाटीमागून वाटी वाया. एक नग चांगला निघणं म्हणजे यंत्र झालं असं नव्हे. हजारावा नग पहिल्यासारखाच निघाला तर ते यंत्र. आणि पहिल्यापासून हजाराव्यापर्यंत पोचायला जे लागतं ते भांडवल. पुन्हा डाय करायची, पुन्हा मोडायची, कामगारांचा पगार द्यायचा, भाडं भरायचं, आणि एवढं होईपर्यंत विक्रीचा एक पैसाही यायचा नाही.

भिसोटाइपचं घोडं इथेच अडलं.

दादाभाई एकट्याने हा भार उचलू शकत नव्हते. त्यांनी आपले मित्र हेन्री हिंडमन यांना गाठलं. हिंडमन हे इंग्लंडमधल्या समाजवादी चळवळीचे संस्थापक, सोशल डेमॉक्रॅटिक फेडरेशनचे पुढारी, आणि हिंदुस्थानच्या लुटीविरुद्ध सातत्याने लिहिणारे. भांडवलशाहीवर आयुष्यभर तुटून पडलेल्या माणसाने एका हिंदी यंत्रासाठी भांडवल उभं करायचं पत्करलं. रक्कम ठरली पंधरा हजार पौंड. तेव्हाच्या पंधरा रुपये पौंडाच्या भावाने सव्वादोन लाख रुपये. दादाभाई १९०६च्या डिसेंबरात कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले, त्यांनी त्या व्यासपीठावरून स्वराज्य हे ध्येय मांडलं, आणि १९०७मध्ये ते इंग्लंड कायमचं सोडून वेसाव्याला येऊन राहिले. जाताना भिसेंची काळजी हिंडमनवर सोपवलेली होती. १९०७ संपेपर्यंत हिंडमनचा प्रयत्न फसला. पैसे उभे राहिले नाहीत.

फ्रँकलिनवरही हीच वेळ आली होती. स्वतःचा छापखाना सुरू केला, भागीदाराच्या वडिलांनी कबूल केलेली निम्मी रक्कम आलीच नाही आणि घेणेकरी कोर्टात गेला. तेव्हा दोन मित्र, एकमेकांना न सांगता, वेगवेगळे येऊन म्हणाले की लागतील तेवढे पैसे आम्ही देतो. फिलाडेल्फियातले व्यापारी आणि जमीनदार आपल्या गावच्या मुद्रकाच्या पाठीशी उभे राहू शकले, कारण पैसा त्यांच्या हातात होता. दादाभाईंच्या देशातला पैसा कुठे जात होता, ते त्यांनी सातशे पानांच्या आसपास सिद्ध केलं होतं. म्हणून भिसेंच्या यंत्रासाठी त्यांना लंडनमध्ये झोळी फिरवावी लागली.

१९०८च्या डिसेंबरात भिसे मुंबईला परतले. वर्ष वाईट होतं. टिळकांना जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं होतं. काँग्रेस सुरतेला आदल्याच वर्षी फुटली होती. अशात भिसेंची गाठ गोपाळ कृष्ण गोखल्यांशी पडली. गोखले म्हटलं की आपल्याला अंदाजपत्रकावरची भाषणं आणि सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आठवतं. एका यंत्राचा आराखडा हातात घेऊन त्यासाठी धनिकाचं दार ठोठावणारे गोखले फारसे कोणाला माहीत नाहीत. ते दार होतं रतन टाटांचं. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ साली जन्मलेले. गोखल्यांच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता; गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला ते मदत करत होते आणि १९०९मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्यासाठी त्यांनी पंचवीस हजार रुपये दिले होते. गोखल्यांच्याच मध्यस्थीने १९१०मध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ निघालं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले.

जरा थांबून ही नावं एका ओळीत पाहावीत: वाच्छा, दादाभाई, हिंडमन, गोखले, टाटा. हिंडमन वगळता नेमस्त राजकारणाची ही फळी एका मराठी यंत्रकारामागे पंधरा-वीस वर्षं उभी होती. नेमस्तांना आपण अर्जविनंत्या करणारे म्हणून शाळेत शिकलो. त्यांनी केलेल्या कामाचा हा भाग त्या धड्यात कधी आला नाही, आणि तो यायला हवा होता.

सिंडिकेटच्या जोरावर यंत्र सुधारलं, पण बाजार हाती आला नाही. १९१४मध्ये महायुद्ध पेटलं. कारखाने तोफगोळ्यांकडे वळले, छापखान्यांना नवं यंत्र घ्यायची उसंत राहिली नाही आणि सिंडिकेट गुंडाळलं गेलं. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ला गेले. दादाभाई ३० जून १९१७ला, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. रतन टाटा ५ सप्टेंबर १९१८ला इंग्लंडमध्येच, सत्तेचाळिसाव्या वर्षी. साडेतीन वर्षांत भिसेंचे तिन्ही आधार नाहीसे झाले.

सोळाव्या वर्षी मनात धरलेली अमेरिका भिसेंनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर गाठली. युद्ध चालू असतानाच ते न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी खिळे ओतायच्या यंत्राचे नवे अवतार केले, त्यांच्या नावाची कंपनीही निघाली. अमेरिकेत लायनोटाइप आणि मोनोटाइप यांचं बस्तान मात्र पक्कं होतं. वर्तमानपत्रांनी लाखो डॉलर ओतून ती यंत्रं घेतली होती, त्यांवर काम करणारे कामगार तयार झाले होते. सरस यंत्र आलं म्हणून कोणी रातोरात अख्खा छापखाना बदलत नाही. पंधरा वर्षं आधी, लंडनमध्ये, सव्वादोन लाख रुपये उभे राहिले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला वाटतं.

पैसा शेवटी दिला तो वेगळ्याच शोधाने. आजारपणात आयोडीनचा गुण आलेला पाहून भिसेंनी आयोडीनचं एक पातळ औषध तयार केलं. ते आधी ‘बेसलीन’ आणि नंतर ‘अ‍ॅटोमिडीन’ या नावाने अमेरिकेत विकलं गेलं. धातूच्या रसात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला औषधाच्या बाटलीने हात दिला.

१९३०मध्ये भिसे न्यू जर्सीत टॉमस एडिसनला भेटले. एडिसन तेव्हा ऐंशी ओलांडून तीन वर्षं पुढे गेलेला; पुढच्याच वर्षी त्याचं निधन झालं. ज्याचं नाव आपल्याला उपाधी म्हणून चिकटलं, त्याच्यासमोर भिसे बसले, तो क्षण मराठी माणसाने जपून ठेवावा असा आहे. पण एडिसनच्या पाठीशी मॉर्गनसारखे सावकार होते. फ्रँकलिनने तर आपल्या चुलीचं पेटंट देऊ केलं असता घेतलं नाही. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला उपयोग होतो, तसा आपला शोध दुसऱ्यांना फुकट मिळावा, ही त्याची भूमिका. तशी उदारता भिसेंना परवडणारी नव्हती. पेटंट हाच त्यांचा एकुलता एक सातबारा होता. तो गहाण टाकूनच पुढचं यंत्र करायचं होतं.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये शंकर आबाजी भिसे यांचं निधन झालं. अडुसष्टावा वाढदिवस बावीस दिवसांवर होता.

दादाभाईंची कागदपत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि भिसेंच्या लंडनमधल्या धडपडीची हकिगत आज कळते ती बरीचशी त्या पत्रांमुळे. म्हणजे लंडनचे भिसे आपल्याला सापडतात, न्यूयॉर्कचे पेटंटांमधून सापडतात. मराठीतून लिहिणारे, क्लब काढणारे, आपल्यासारखी पोरं घडावीत म्हणून मासिक छापणारे मुंबईचे भिसे मात्र हातातून निसटत चालले आहेत. भाईंदर, मिरा रोड, वसई, विरार या पट्ट्यात गिरगाव-दादरहून उठून आलेली हजारो कुटुंबं आहेत. चाळीतली खोली विकताना आजोबांची ट्रंक सोबत आली, माळ्यावर चढली आणि तिथेच राहिली, असं कितीतरी घरांत झालं आहे. पुढच्या वेळी ती ट्रंक उघडाल आणि ‘विविध कला प्रकाश’ असं छापलेला एखादा पिवळा अंक हाती लागेल, तर तो रद्दीच्या काट्यावर ठेवू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अंक त्यांच्याकडे नेऊन द्या.